गवतातली पिल्लं एकटी का?

दवनीवाड्याकडे धान कापताना धुऱ्यावरच्या गवतात कधी सशाची पिल्लं दिसतात. आई टाकून गेली, असं वाटून माणूस ती कळवळून घरी आणतो. तिथेच घात होतो. आई जवळपासच असते. तिच्या अंगाच्या वासावर कोल्हं, कुत्रं येईल म्हणून ती दिवसा लांब राहते, अंधार पडला की दूध पाजून निघून जाते. पहाटे पोटभर खाऊन दिवसभर रोवणी करावी, तसं ते दाट दूध पिल्लाला पुरतं. रानसशाची पिल्लं अंगावर केस, डोळे उघडे घेऊनच जन्मतात. निपचित पडणं हेच त्यांचं लपणं.

गाईचं दूध पाजू नका, ते बाधतं. पिल्लं आहेत तेवढं गवत कापणं उद्यावर ठेवा, कुत्रं बांधा. पिल्लू जखमी असेल तरच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.