प्रवेश झाला, अर्ज राहिला

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी गर्दी वाढते. प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरातच झालेले असतात. आता उरलेल्या फीची नोटीस लागते आणि पोरं विचारायला येतात, "मॅडम, स्कॉलरशिपचा फॉर्म अजून भरता येईल का?" मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. राज्य सरकारचं शिष्यवृत्ती अर्जांचं महाडीबीटी पोर्टल सुरू असेल तर माझं उत्तर एकच असतं: येईल, पण आजच भर.

मुदतवाढ मिळतेच, असा सगळ्यांचा समज आहे. बऱ्याचदा ती मिळतेही. पण अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नसतं. तो आधी आमच्याकडे तपासायला येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून संबंधित विभागाकडे जातो. एखादा दाखला अस्पष्ट दिसला तरी अर्ज 'सेंड बॅक' होतो. सप्टेंबरात भरलेला अर्ज असा परत आला तर दुरुस्तीला वेळ असतो. शेवटच्या दिवशी भरलेला परत आला की पोराचं वर्ष हातचं जातं.

उशीर करणारी पोरं बेफिकीर असतात, हे मला मान्य नाही. बीड जिल्ह्यातली एक मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या आधारला मोबाईल नंबर वडिलांचा. वडील टोळीबरोबर ऊसतोडीला सांगलीकडे गेलेले. दिवसा फडात फोनला रेंज नाही. रात्री कोपीवर आल्यावर ते लेकीला फोन लावायचे, तोवर ओटीपीची मुदत कधीच उलटून गेलेली असायची. ती रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर फोन हातात धरून बसायची. महाडीबीटीवरची नोंदणी ओटीपीऐवजी अंगठ्याच्या ठशानेही होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ठसा घेण्याची सोय असलेल्या केंद्रावर नेऊन तिचा अंगठा घेतला आणि तिथल्या तिथे नोंदणी झाली.

अलीकडे एक नवा गैरसमज पसरलाय. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये घेतला. फार चांगला निर्णय आहे. पण घरोघरी पोचलं ते एवढंच, की मुलींना फी नाही. ही माफी अर्जातूनच मिळते, आणि ती सुद्धा कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांनाच. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ती लागू नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीलाही कॅपची अट आहेच. म्हणून कोट्यातली जागा घेण्याआधी घरच्यांनी हा हिशेब नीट करावा, कारण नंतर माझ्या टेबलावर त्याला काही उपाय नसतो.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. वर्षाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे बारावीच्या वर्षी काढलेला उपयोगी पडत नाही. तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्र, तहसीलदारांची सही, यात दिवस जातात, आणि जून-जुलैत तर सगळा तालुका त्याच रांगेत उभा असतो. एप्रिलमध्येच दाखला काढला तर ही रांग टळते.

अर्ज मंजूर होऊनही पैसे न आलेली मुलंही येतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी त्या खात्याचं आधार सीडिंग असणं वेगळं. कधीतरी पोस्टात दुसरं खातं उघडलेलं असतं, सीडिंग त्याला झालेलं असतं, पैसे तिकडे जातात, आणि पोरगं मात्र पहिल्याच बँकेचं पासबुक भरून आणत राहतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते.

पोर्टल बंदच झालं असेल तर? अभ्यासक्रम चालू असताना पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येतो, पण गेल्या वर्षीची रक्कम मिळेल असं धरून चालू नये. त्या वर्षाच्या फीसाठी प्राचार्यांना हप्ते पाडून देण्याचा लेखी अर्ज करा. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही. शैक्षणिक कर्जाचा विचार असेल तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आपली संस्था बसते का, ते आधी बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलतही आहे.

आणि पालकांना, विशेषतः कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांना, एक कळकळीची विनंती. गाव सोडण्याआधी मुलांना आधार केंद्रावर न्या आणि त्यांच्या आधारला त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर लावून घ्या.