हरवलेली बोरमाळ पुन्हा कशी घडते?

बिदरचे नाव निघाले की बिदरी कामाची आठवण होते. काळ्या पात्रावर चांदीची वेलबुट्टी जडविणारे ते कारागीर देशोदेशी ख्यातनाम आहेत. परंतु आमच्या औरादसारख्या गावी घरोघरी ज्याचे काम पडते, तो कारागीर म्हणजे सोनार. बारशाच्या वाळ्यांपासून लग्नाच्या मंगळसूत्रापर्यंत त्याचा हात लागलेला असतो. नवा दागिना घडविणे त्याच्या रोजच्या सरावाचे असते. हरवलेला दागिना जसाच्या तसा पुन्हा घडविणे, ही मात्र त्याच्या विद्येची खरी कसोटी होय.

आमच्या सीमाभागात या गोष्टीला एक कारुण्याची किनार आहे. औराद हे पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १९४७-४८ साली रझाकारांच्या धामधुमीत अनेक कुटुंबांना घरदार सोडावे लागले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले व माणसे हळूहळू घरी परतली. परंतु अशा पळापळीत पुरलेले, गहाण टाकलेले वा वाटेत गेलेले दागिने सर्वांनाच परत मिळतात असे नाही.

समजा, अशाच एका घरातील नात सोनाराच्या पेढीवर आली आणि म्हणाली, "काका, आमच्या आजीची बोरमाळ होती, तशीच करून द्या." तिच्याजवळ दोनच पुरावे आहेत. एक, आजीचे जुने छायाचित्र. दुसरा, आईने सांगितलेली आठवण की, माळ साडेचार तोळ्यांची होती व छातीवर रुळत असे. एवढ्यावरून सोनाराने माळ कशी घडवावी?

प्रथम मण्याचा आकार काढावयाचा. छायाचित्रात आजीच्या गळ्यात मंगळसूत्रही आहे आणि त्याची एक वाटी घरी जपून ठेवलेली आहे. ती मोजली असता १२ मिलिमीटर भरते. छायाचित्र मोठे करून घेतले, त्यात हीच वाटी ८ मिलिमीटर व माळेचा मणी ६ मिलिमीटर दिसतो. येथे आपल्या वर्गातील त्रैराशिक उपयोगी पडते. ८ चे १२, तर ६ चे किती? उत्तर ९ मिलिमीटर. दोन्ही वस्तू एकाच गळ्यात, म्हणजे छायाचित्रकाराच्या यंत्रापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे हे गणित विश्वसनीय ठरते. मग आईच्या गळ्यात सुतळी घालून माळ कोठवर येत असे ते ठरवावयाचे. सुतळी ५४ सेंटिमीटर भरली, तर एकास एक लागून ६० मणी बसतील.

आता वजनाचा प्रश्न. एक तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. २२ कॅरट सोने पाण्याच्या सुमारे १७.७ पट जड असते. ९ मिलिमीटरचे ६० मणी भरीव केले, तर त्यांना सुमारे ४०५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३५ तोळे सोने लागेल! अर्थात बोरमाळेचे मणी भरीव नसतात. पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून त्यात लाख भरलेली असते, म्हणून थोड्या सोन्यात भरघोस दागिना होतो. पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका धरला, तर ६० मण्यांना सुमारे २७ ग्रॅम सोने पुरते. त्यांत मावणारी लाख सुमारे २४ ग्रॅम होते. दोन्ही मिळून ५१ ग्रॅम, म्हणजे साडेचार तोळ्यांच्या अगदी जवळ.

आईची आठवण खोटी नव्हती. तिने सांगितलेल्या वजनात लाखही होती. सोनाराने हे न समजावता साडेचार तोळे सोनेच घातले असते, तर पत्रा जवळजवळ दुप्पट जाड झाला असता, खर्चही तितकाच वाढला असता आणि माळ आजीची राहिली नसती. उलट, लाख सोन्याच्या भावाने तोलून दिली, तर ती उघड फसवणूक होय. यास्तव सोन्याचे व लाखेचे वजन वेगवेगळे लिहून देणे हे प्रामाणिक सोनाराचे पहिले लक्षण.

हिशेब झाल्यावर घडणीला प्रारंभ होतो. मुशीत सोने वितळवून त्याचा पातळ पत्रा काढतात. पत्र्याचे तुकडे ठशात दाबले की अर्धगोल वाट्या तयार होतात. दोन वाट्या जोडून, टाकणखार लावून, डाख देतात. डाख हा सोन्याहून कमी उष्णतेवर वितळतो, त्यामुळे सांधा जुळतो आणि मणी शाबूत राहतो. लाख त्यानंतरच भरावयाची, कारण आधी भरली तर डाख देताना ती जळून जाईल. शेवटी झिलई देऊन पटवेकरी ती माळ रेशमात गाठवितो.

आता एक नाजूक प्रश्न उरतो. जुन्या माळेचे मणी वापराने थोडे चेपलेले असतील. नव्या मण्यांनाही मुद्दाम पोचे पाडावेत काय? या बाबतीत इंग्लंडचे एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. १६४९ साली राजा पहिला चार्ल्स याच्या वधानंतर तेथील प्राचीन राजमुकुट मोडून टाकण्यात आला. १६६१ साली दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणासाठी २२ कॅरट सोन्याचा नवा मुकुट घडविला गेला व त्यास सेंट एडवर्डचे जुनेच नाव राहिले. २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सच्या मस्तकी तोच मुकुट ठेवण्यात आला. तो १६६१ चा आहे हे कोणी लपवीत नाही आणि त्यामुळे त्याचा मानही कमी होत नाही.

आमच्या मते हाच मार्ग योग्य. माळेचे रूप आजीच्या माळेचे असावे, तिच्यावरील मुद्रा मात्र आजची असावी. आज हॉलमार्कच्या दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक व सहा अक्षरांकांची ओळख असते. २२ कॅरटसाठी तो अंक ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. नव्या माळेचे पोचे नातीच्या वापराने पडू द्यावेत.

विद्यार्थीमित्रांनो, वरील सारा हिशेब एका छायाचित्रावर व जपून ठेवलेल्या एका वाटीवर उभा राहिला. यंदाच्या सुटीत आपल्या आजीजवळ बसा. तिचा एखादा दागिना मोजपट्टीशेजारी ठेवून त्याचे छायाचित्र घ्या. त्याचे नाव, वजन, तो कोणी व कधी घातला, हे तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. दागिना हरवू नये हीच इच्छा. पण हरवलाच, तर तुमच्या वहीचे ते पान सोनारापुढे ठेवता येईल.