कटीचें कडें

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेस, दारूखान्याकडे, कित्येक दशकें मोडीत काढलेल्या जहाजांचें लोखंड उतरत आलें. अशा वस्तींत पत्र्यांची चळत घसरून किंवा मालमोटारीखालीं सांपडून एखाद्याच्या कमरेखालचा भाग चेंगरला, कीं भोंवतालचे लोक धांवतात, दोघे बखोटीस धरतात, दोघे पाय उचलतात, आणि त्यास गाडींत घालतात. हेतु स्तुत्य खरा. कृति मात्र घातक.

पाठीच्या कण्याच्या तळाशीं असलेलें त्रिकास्थि आणि दोहों बाजूंची रुंद हाडें मिळून कटीचें कडें बनतें. काचेची बांगडी दाबली तर सहसा एकाच जागीं फुटत नाहीं. हें कडेंही एके ठिकाणीं मोडलेलें दिसलें, तर दुसरीकडे तें मोडलें वा सांध्यांत उसवलें असेल, असें डॉक्टर धरून चालतात. त्याच्या आंत मूत्राशय व मागील भिंतीशीं शिरांचें दाट जाळें. प्रौढाच्या अंगांत रक्त सुमारें ५ लिटर. त्यांतलें निम्म्याहून अधिक, बाहेर थेंबही न दिसतां, ओटीपोटांत सांठूं शकतें. मृत्यु येतो तो बहुधा या रक्तस्रावानें. पाय ओढले कीं कडें अधिक उघडतें आणि गोठूं लागलेलें रक्त पुन्हां वाहूं लागतें.

म्हणून जखमीस उताणें, आहे तसेंच राहूं द्यावें. बसवूं नये, कंबर हलवून पाहूं नये. १०८ क्रमांकास कळवावें. जाणत्या माणसानें चादरीची रुंद घडी करून ती खुब्यांच्या उंचवट्यांवरून आवळावी. पुष्कळजण ती कमरेस बांधतात. तिचा उपयोग होत नाहीं. लघवीवाटे रक्त आलें असल्यास तें डॉक्टरांस आधींच सांगावें, कारण मूत्रमार्ग फाटला असतां तपासल्यावांचून नळी घालणें धोक्याचें.

रे रोडहून भायखळ्याचें जे. जे. (१८४५) व परळचें के. ई. एम. (१९२६) हीं दोन्ही इस्पितळें जवळ आहेत. पूर्वीं असा रोगी कापडी झोळींत आठवडेच्या आठवडे टांगून ठेवीत. आतां प्रथम रक्त देतात, बाहेरून सळ्यांची चौकट बसवितात, गरज पडल्यास बारीक नळीनें वाहती रक्तवाहिनी आंतून बंद करितात. प्रकृति सांवरल्यावर पट्ट्या व स्क्रू. पायावर भार देण्यास बहुधा सहा ते बारा आठवडे लागतात.

मोरींत घसरलेल्या आजीबाईंची गोष्ट निराळी. त्यांच्या कड्याच्या पुढील बारीक फांदीस नुसती चीर जाते, कडें ढळत नाहीं. वेदनाशामक औषध आणि थोड्याच दिवसांत आधारानें चालणें, एवढ्यानें भागतें. उलट, अंथरुणास खिळल्यानें पायांत रक्ताच्या गुठळ्या व फुफ्फुसाचा दाह संभवतो. मात्र जांघेंत दुखतें म्हणून हाडवैद्याकडून चोळून घेण्यापूर्वीं क्ष-किरण चित्र काढावेंच. मोडलेला खुबाही तेथेंच दुखतो, आणि त्यास बहुधा शस्त्रक्रियाच लागते.