पावसाची सुट्टी, गणपतीचा सीझन आणि ७५ टक्के हजेरी : कॉलेजचं वर्षाचं कॅलेंडर नेमकं कोण ठरवतं?

जुलैमध्ये धो धो पाऊस लागतो, कुंडलिका फुगते आणि रात्री व्हॉट्सॲपवर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश फिरायला लागतो, 'उद्या शाळा-कॉलेजांना सुट्टी.' ग्रुपवर आनंदीआनंद. पण त्या दिवशीची लेक्चर्स पुढे कधी होतात? बऱ्याचदा होतच नाहीत. मग परीक्षा तोंडावर आली की एकेका तासात दोन-दोन धडे उरकले जातात.

याला आपण 'कॉलेजचा ढिसाळ कारभार' म्हणून मोकळे होतो. मुळात वर्षाचं नियोजन कोण करतं आणि त्यात आपल्याला बोलायची जागा आहे का, ते बघू.

विद्यापीठ काय ठरवतं?

पेणचं भाऊसाहेब नेने कॉलेज असो की रोह्याचं डॉ. सी. डी. देशमुख यांच्या नावाचं कॉलेज, दोन्ही मुंबई विद्यापीठाला संलग्न. सत्र कधी सुरू होणार, कधी संपणार आणि मोठ्या सुट्ट्या कधी, याची चौकट विद्यापीठ देतं.

त्याच्या वर युजीसी. २०१८ च्या युजीसी नियमांनुसार प्राध्यापकांच्या कामाचं वर्ष ३० आठवड्यांचं, म्हणजे शिकवण्याचे १८० दिवस. दोन सत्रांत वाटले तर एका सत्राला १५ आठवडे आणि ९० दिवस. (ज्यांच्या नावाचं कॉलेज रोह्यात आहे, ते देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर तर होतेच, पुढे युजीसीचे अध्यक्षही झाले.)

२०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि सगळा हिशोब क्रेडिटवर गेला. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास. ४ क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. पाऊस आणि इतर कारणांनी दोन आठवडे बुडाले, तर त्यातले ८ तास गेले. अभ्यासक्रम मात्र ६० तासांचाच राहतो.

पेणचं गणित वेगळं कसं?

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत. चतुर्थीच्या आधीचे आठवडे म्हणजे रंगकाम, आखणी आणि माल पाठवण्याची धावपळ. घरचा कारखाना असलेली किंवा रोजावर जाणारी मुलं या दिवसांत वर्गात कमी दिसतात. घरात पैसा येण्याचे दिवसही हेच असतात.

आता हजेरीचं बघा. विद्यापीठाची अट एकूण ७५ टक्क्यांची. १५ आठवड्यांच्या सत्रात गैरहजेरीला जागा उरते जेमतेम पावणेचार आठवड्यांची. तीन आठवडे कारखान्यात गेले की उरले चार-पाच दिवस. त्यात ताप आला किंवा ट्रेन चुकली की संपलं.

आणखी एक गोची आहे. चतुर्थीची तारीख दरवर्षी सरकते. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त फरक. गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढून फक्त साल बदललं, तर अंतर्गत परीक्षा नेमकी सीझनमध्ये येऊ शकते.

आणि रोह्याचं?

इथे पावसासोबत प्रश्न आहे इंटर्नशिपचा. नव्या धोरणात तिसऱ्या वर्षी कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण घ्यायला ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. बाजूला धाटावची एमआयडीसी आहे, पण तिथले बरेच कारखाने रसायनांचे. कला आणि वाणिज्यच्या मुलांना कारखान्याचं ऑफिस, पतपेढी, बँक, ग्रामपंचायत अशा जागा शोधाव्या लागतात. ही बोलणी सत्र सुरू होण्याआधी झाली नाहीत, तर शेवटी प्रमाणपत्र मिळतं, काम शिकायला मिळत नाही.

मग कॉलेजच्या हातात काही आहे का?

आहे, आणि इथेच खरी गोष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न कॉलेजात 'महाविद्यालय विकास समिती' असावी लागते. कॉलेजचं वार्षिक कॅलेंडर आणि शिकवण्याचा एकूण कार्यक्रम ठरवणं हे या समितीच्या कामांतच लिहिलेलं आहे.

समितीत संस्थाचालक, प्राचार्य आणि प्राध्यापक तर असतातच. शिवाय उद्योग, शिक्षण, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक लोक असतात आणि त्यातला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही सदस्य असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हाव्यात, असं कायदा सांगतो.

म्हणजे सत्राच्या तारखा वरून येतात, पण त्या चौकटीत अंतर्गत परीक्षा कुठल्या आठवड्यात, बुडालेले तास कुठल्या शनिवारी भरायचे, महोत्सव कधी, हे गावातच ठरू शकतं. पेणच्या समितीवर एखादा मूर्तिकार आणि रोह्याच्या समितीवर धाटावचा एखादा उद्योजक असेल, तर कॅलेंडर वेगळं दिसेल. पण विद्यार्थी परिषदच झाली नसेल, तर विद्यार्थ्यांच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात आणि त्यांची अडचण कागदावर येत नाही.

तुम्ही काय करू शकता?

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारा.

१. यंदाचं कॅलेंडर कुठे लावलंय आणि ते समितीपुढे ठेवलं होतं का?

२. पावसात बुडणाऱ्या तासांसाठी राखीव दिवस ठेवलेत का?

३. समितीवर विद्यार्थ्यांतर्फे कोण आहे?

कारखान्यात काम करावं लागणार असेल, तर ते वर्गशिक्षकांना आधीच लेखी कळवा. हजेरीची यादी लागल्यावर धावाधाव करून फार काही हाती लागत नाही. कॅलेंडर बदलायची वेळ जूनमध्ये असते, ऑक्टोबरमध्ये ती निघून गेलेली असते.