विश्लेषण : १६० चौरस फुटांतून थेट ५०० चौरस फुटांत… नव्या घरात फर्निचरचा मेळ कसा बसवायचा?

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या चाळीतील १६० चौरस फुटांची एक खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या ‘टू-बीएचके’त जायचे, म्हणजे घर तिपटीने वाढले. चावी हातात आली की पहिली धाव फर्निचरच्या दुकानाकडे असते. पैसे साठवलेले किंवा हप्त्यांचे, आणि अशी खरेदी बहुतेक घरांत एकदाच होते. न बसणारा सोफा मग दहा-पंधरा वर्षे हॉलमध्ये ठाण मांडून बसतो.

५०० चौरस फूट प्रत्यक्षात किती?

‘रेरा’ कायद्यातील चटईक्षेत्राच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती धरल्या जात नाहीत, पण घरातील आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा धरली जाते. त्यातून स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय आणि येण्याजाण्याची वाट वजा केली की फर्निचरसाठी उरणारी जागा कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. शिवाय चाळीतल्या उंच छतामुळे माळा काढता येत असे. अंथरुणे, ट्रंका, गणपतीची मखर सगळे वर जाई. नव्या घरात तो माळा नाही. म्हणजे जमीन वाढली, पण डोक्यावरची साठवण गेली. हा हिशेब सहसा कोणी करत नाही.

आधी सोफा की आधी टेप?

समजा हॉल १० बाय १४ फुटांचा, म्हणजे १४० चौरस फुटांचा आहे. ‘एल’ आकाराचा ८ बाय साडेपाच फुटांचा सोफा ठेवला, तर कोपऱ्यासह तो ४४ चौरस फूट जागा अडवतो. जवळपास तिसरा हिस्सा! तीन जणांचा ७ बाय ३ फुटांचा साधा सोफा २१ चौरस फुटांत मावतो आणि उरलेल्या जागेत हलवता येणाऱ्या दोन खुर्च्या बसतात. हळदीकुंकवाला किंवा पाहुणे मुक्कामी आले की खुर्च्या उचलून सतरंजी घालता येते. ‘एल’ सोफा मात्र जागचा हलत नाही. शोरूमच्या प्रशस्त दालनात तो लहान दिसतो, ही खरी अडचण आहे.

बेडरूमचे गणित आणखी काटेकोर. खोली १० फूट रुंद, एका भिंतीला २ फूट खोलीचे कपाट आणि समोरच्या भिंतीला टेकवून ५ फुटी पलंग असेल, तर मध्ये ३ फूट वाट राहते. पलंग ६ फुटी घेतला की वाट २ फुटांची होते. कपाटाचे दीड फुटी दार उघडले की उरते फक्त ६ इंच. मग घरातला माणूस कपडे काढायला पलंगावर चढतो. मोठा पलंगच हवा असेल तर कपाटाला सरकती दारे लावणे भाग आहे.

यावरचा उपाय जवळपास फुकट आहे. वर्तमानपत्राचे कागद जोडून सोफ्याच्या, पलंगाच्या मापाचे तुकडे कापायचे, जमिनीवर पसरायचे आणि दोन दिवस त्यांच्या कडेने वावरायचे. दारे पूर्ण उघडतात का, पाण्याची कळशी घेऊन आजी सहज जाऊ शकते का, हे त्यातच कळते. लिफ्टच्या दाराचे मापही याच वेळी घेतलेले बरे.

चाळीतले जुने सामान काढून टाकायचे?

सगळे नाही. लोखंडी कपाट, सागवानी खुर्ची, भांड्यांची मांडणी, देव्हारा या वस्तू वर्षानुवर्षे टिकलेल्या असतात आणि नव्या पार्टिकल बोर्डपेक्षा पावसाळ्याला अधिक तोंड देतात. जुने आणि नवे एकत्र विजोड दिसते ते वयामुळे नव्हे, तर सगळ्याच वस्तू लक्ष वेधू लागल्यामुळे. प्रत्येक खोलीत एकच जुनी वस्तू ठळक ठेवावी आणि तिचा एखादा धागा दुसरीकडे उचलावा. सागवानी खुर्चीचा तपकिरी रंग पडद्याच्या काठात किंवा टीव्हीखालच्या फळीत आला तरी पुरे. लाकडाच्या दोनपेक्षा जास्त छटा मात्र छोट्या खोलीत गोंधळ करतात. हिरवे लोखंडी कपाट भिंतीच्याच रंगात रंगवून घेतले तर ते भिंतीत मिसळून जाते. हा खर्च नव्या वॉर्डरोबच्या तुलनेत किरकोळ असतो.

दुकानातला रंग घरी का बदलतो?

दुकानातील दिवे वेगळे, घरातले वेगळे. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर, तर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश देतो. त्यामुळे एकच कापड दोन ठिकाणी दोन रंगांचे भासते. दुसरे कारण शेजारचा रंग. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यातील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे मांडले होते. कारखान्यातील काळ्या धाग्याबद्दल तक्रारी येत होत्या, दोष मात्र शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा निघाला. याच तत्त्वाने लाल भिंतीपुढचा राखाडी सोफा हिरवट दिसू शकतो. म्हणून कापडाचा तुकडा घरी आणून सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा भिंतीला लावून पाहावा. साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के तिसरा हे प्रमाण डेकोरेटर सांगतात. ते नियम म्हणून नव्हे, अंदाज म्हणून ठीक आहे.

पैसे आधी कुठे लावायचे?

स्वयंपाकघर, झोपण्याची सोय आणि साठवण आधी. सोफा, शोभेच्या वस्तू आणि भिंतीवरची चित्रे नंतर. राहायला गेल्यावर उजेड कुठून येतो, मुले अभ्यासाला कुठे बसतात हे कळते. अनेक घरांत मुलांना अभ्यासाची वेगळी जागा पहिल्यांदाच मिळणार आहे. त्यामुळे खिडकीजवळची जागा शोकेसने अडवण्याआधी दोनदा विचार करावा. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवताना दोन-तीन इंच फट सोडल्यास पावसाळ्यात ओल आणि बुरशी कमी धरते.

सुताराकडून काम करून घेताना सिंकखाली ‘आयएस ७१०’ खुणेचे प्लायवूड आणि इतरत्र ‘आयएस ३०३’ असे कोटेशनवर लिहून घ्यावे. दर रनिंग फुटाचा आहे की चौरस फुटाचा, कडांना पट्टी लावणे, बिजागऱ्या आणि चॅनेल त्यात धरले आहेत का, हेही आगाऊ रकमेआधीच विचारावे. सनमायका चिकटल्यावर आतले प्लायवूड कोणते, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.