मध्ये उघडणारा कोन

कंट्रोल पॅनेलचा दरवाजा वर-खाली नीट बसतो आणि मध्ये फट दाखवतो, ही भोसरी-चाकणकडच्या पत्राकाम करणाऱ्यांची रोजची डोकेदुखी. आधी दोष बिजागरीला मिळतो, मग वेल्डिंगला, शेवटी पावडर कोटिंगवाल्याला. गोंधळ बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, प्रेस ब्रेकवर झालेला असतो.

शॉपवर या मशीनला सगळे ‘बेंडिंग’च म्हणतात. वर रॅमला पंच, खाली बेडवर व्ही खाचेची डाय, मागे पत्रा किती आत घ्यायचा ते ठरवणारा बॅकगेज. पेडल दाबलं की पंच पत्र्याला खाचेत ढकलतो. आजकालचं बरंचसं काम एअर बेंडिंगचं, म्हणजे पत्रा खाचेच्या तळाला टेकतच नाही. खाचेच्या दोन कडा आणि पंचाचं टोक एवढ्यावरच तो तोललेला असतो. साहजिकच कोन किती होणार ते पंच किती खोल गेला यावर ठरतं, आणि इथंच सगळी मेख आहे.

२ मिमी पत्र्याला साधारण आठपट, म्हणजे १६ मिमीची व्ही घेतात. काटकोनाच्या आसपास पंच ०.१ मिमी कमी-जास्त उतरला, तर कोन सुमारे ०.७ अंशानं बदलतो. साध्या कागदाची जाडी जवळपास तेवढीच असते. डायखाली कागदाच्या पट्ट्या सारून मधला कोन मिळवण्याची जुन्या सेटरांची युक्ती त्यामुळेच चालते. टूल चढवण्याआधी जाणता सेटर पंचाची आणि डायची बैठक फडक्यानं पुसून वर बोट फिरवून पाहतो, तेही त्याचसाठी. डायखाली अडकलेली स्केलची एक खपली तेवढ्याच जागी कोन बिघडवते.

मध्ये फट का पडते? २ मिमीच्या माइल्ड स्टीलला १६ च्या व्हीवर मीटरमागे साधारण १७ टन लागतात. तीन मीटर लांबीला पन्नासच्या घरात. हा जोर देणारे सिलिंडर दोन टोकांना असतात. पुस्तकांनी भरलेली लांब फळी मध्ये झोल खाते, तसा बेड मध्ये खाली दबतो. रॅम मध्ये किंचित वर उचलला जातो. पंच मध्ये कमी उतरतो आणि तिथं कोन उघडा राहतो. याला उपाय क्राउनिंगचा: बेडमध्ये पाचरींच्या जोड्या किंवा छोटे हायड्रॉलिक सिलिंडर बसवून डाय मध्ये आधीच थोडी फुगवून ठेवायची.

पण क्राउनिंगला हात लावण्याआधी रॅम आणि बेड समांतर आहेत का, हे पाहायला हवं. पुष्कळ ठिकाणी नेमकं तेच राहून जातं. मशीन पाणसळीत आहे याची खात्री करून, डायल लावून दोन्ही टोकांचं अंतर ताडावं. मग एकाच पत्र्यातून, एकाच दिशेनं कापलेल्या तीन अरुंद पट्ट्या डावीकडे, मध्ये, उजवीकडे ठेवून एकाच स्ट्रोकमध्ये वाकवाव्यात. जोर कमी असल्यानं बेडचा झोल नगण्य असतो. डावी-उजवी वेगळी आली तर रॅम तिरका. दोन्ही टोकं सारखी आणि मधली उघडी आली तर मधली टूल झिजलेली असण्याचा संभव मोठा, कारण छोटे जॉब सगळे मध्येच मारतात. यानंतर पूर्ण लांबीचा पत्रा वाकवावा. पट्ट्या ठीक आणि लांब पत्रा मध्ये उघडा, तर क्राउनिंग कमी पडतंय.

पत्र्याचंही ऐकून घ्यावं लागतं. वाकवून सोडला की तो थोडा मागे उलगडतो. स्टेनलेस माइल्ड स्टीलपेक्षा जास्त. एकाच लॉटमध्ये जाडी हलते, रोलिंगच्या दिशेनं आणि आडवं वाकवण्यात फरक पडतो. त्या दिवशीच्या पत्र्यासाठी ऑपरेटर कंट्रोलरवर डावी-उजवी करेक्शन टाकतो, ती तशीच राहून जाते, आणि पुढच्या पाळीला सरळ मशीन वाकडं वाटू लागतं. माझ्या मते अलाइनमेंटच्या अर्ध्या तक्रारी अशा विसरलेल्या आकड्यांच्या असतात. करेक्शन का आणि कशासाठी टाकली, हे वहीत लिहिण्याची सक्ती कोणत्याही महागड्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

एका गोष्टीला मात्र वही किंवा पाचर उपयोगी नाही. प्रत्येक मशीनला एकूण टनांबरोबर दर मीटरमागे किती टन चालतील याचीही मर्यादा असते. शंभर टनी मशीन आहे म्हणून जाड, आखूड तुकडा मधोमध ठेवून पूर्ण जोर लावला, तर बेड आणि रॅम तिथं कायमचे दबू शकतात. त्यामुळे जुनं मशीन घ्यायला जाणाऱ्यानं नवा रंग आणि चकचकीत स्क्रीन पाहून बयाणा देऊ नये. आपल्या कामातला सर्वात लांब पत्रा आणि चांगला बेव्हल प्रोट्रॅक्टर सोबत न्यावा, पत्रा समोर वाकवून घ्यावा आणि दोन टोकांबरोबर मधला कोनही स्वतः मोजावा.