पाय लांब झाला की तसा भासतो?

खुब्याचा झिजलेला सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याच्या शस्त्रक्रियेला इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास आधुनिक रूप दिले. वेदनामुक्त झालेला रुग्ण चालू लागला की पुष्कळदा म्हणतो, "हा पाय लांब झाला." ही तक्रार खोटी नसते; मात्र तिची कारणे दोन असू शकतात.

सांधा निखळू नये म्हणून स्नायूंना पुरेसा ताण देताना पायाची लांबी कधी खरोखरच थोडी वाढते. अनेकदा मात्र दोन्ही पाय सारखेच असतात; दीर्घ आजारात आखडलेल्या स्नायूंमुळे कमरेचे हाड एका बाजूस झुकते आणि पाय लांब भासतो. कमरेच्या हाडाच्या पुढील उंचवट्यापासून घोट्यापर्यंतचे माप खरा फरक दाखविते, तर बेंबीपासूनचे माप भासमान फरक.

भासमान फरक नियमित व्यायामाने बहुधा काही महिन्यांत ओसरतो. म्हणूनच जोड्याला घाईने उंच टाच लावणे इष्ट नव्हे. त्यामुळे झुकाव कायम राहण्याचा संभव असतो. खरा फरक सेंटिमीटरभराच्या आत असल्यास तो बहुतेकांच्या अंगवळणी पडतो. अधिक असल्यास वैद्यकीय सल्ल्याने टाच वाढविता येते.

शस्त्रक्रियेपूर्वीच हे समजावून सांगितल्यास रुग्ण धीर सोडून व्यायाम थांबवीत नाही.